वाचक विचारतात : तोफेच्या दारूची थैली, शिशाचा गोळा आणि खलाशाचे पदक

गेल्या अंकात आपण रॉबर्ट ब्लेक या खलाशाची छोटी ओळख छापली होती. गुलामीतून सुटलेला हा माणूस अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या, म्हणजे गुलामी राखू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांविरुद्ध लढणाऱ्या सरकारच्या, नौदलात दाखल झाला आणि १८६४ साली त्याला 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे शौर्यपदक मिळाले. जागा कमी होती, त्यामुळे बरेच राहून गेले, आणि पुण्याच्या वाचकांनी ते नेमके हेरले. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. वर्गात हे सांगितले की मुलांना वाटते, गोरे लढले आणि काळे नुसते सुटले. ब्लेकसारखे लोक किती होते? आणि त्याने नेमके केले तरी काय? (शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : मुलांचा हा समज घालवायला नौदल हेच चांगले उदाहरण आहे. उत्तरेच्या नौदलात सुमारे १८,००० कृष्णवर्णीय खलाशी होते. भूदलाने त्यांच्या पलटणी वेगळ्या काढल्या. जहाजावर तशी सोय नव्हती, एकाच तोफेवर दोघांचेही हात लागत. पण म्हणून जहाजावर समता नांदत होती असेही सांगू नका. सप्टेंबर १८६१ मध्ये नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी पळून आलेल्या गुलामांना भरती करून घ्यायला परवानगी दिली, पण 'बॉय' या सर्वांत खालच्या दर्जावर, महिना १० डॉलर आणि रोजचा शिधा एवढ्यावर. चाळिशीचा बाप्या असला तरी हजेरीपटावर तो 'बॉय'. त्याच्या वरचा दर्जा 'लँड्समन', म्हणजे समुद्राची सवय नसलेला नवखा, पगार १२ डॉलर. त्यावर ऑर्डिनरी सीमन १४ आणि सीमन १८. लँड्समनचा दर्जा या लोकांना खुला व्हायला १८६२ चा डिसेंबर उजाडावा लागला.

ब्लेक दक्षिण कॅरोलिनातल्या सँटी भागातला. 'मार्बलहेड' या वाफेच्या गनबोटीवर तो लेफ्टनंट कमांडर रिचर्ड मीड यांचा स्टुअर्ड, म्हणजे खानसामा होता. २५ डिसेंबर १८६३ रोजी, ऐन नाताळात, बोट स्टोनो नदीत लेगारव्हिल गावाजवळ नांगरून होती. जॉन्स बेटावर दडवून ठेवलेल्या तोफांनी तिच्यावर अचानक मारा सुरू केला. नांगरलेले जहाज म्हणजे आयते निशाण. तोफा चालवायच्या आणि त्याच वेळी साखळी सोडून जहाज हलवायचे, अशी दोन्ही कामे अंगावर येतात. तोफेपर्यंत दारू पोचवणारा पोरगा ठार झाला आणि त्याची जागा ब्लेकने घेतली, असे हकिकतीत आहे. अधिकृत सन्मानपत्र मात्र दोन ओळींचे आहे : रायफल तोफेवर (नळीत पीळदार खाचा असलेल्या तोफेवर) काम करताना त्याने लढाई संपेपर्यंत आपले कर्तव्य धैर्याने केले, आणि शत्रू एक तोफ व दारूगोळ्याचा गाडा टाकून मागे हटला. दारू वाहणाऱ्या पोराचा त्यात उल्लेख नाही. मुलांना दोन्ही सांगा, पण कुठले कुठून आले तेही सांगा.

चित्रांमध्ये ब्लेकच्या खांद्यावर दारूचे पिंप दाखवतात. ते साफ चूक. या वर्गाच्या गनबोटींवरची रायफल तोफ म्हणजे पॅरट जातीची २० पौंडी तोफ. तिचा एक बार २ पौंड दारूचा, म्हणजे किलोला थोडा कमी, लोकरी कापडाच्या थैलीत बांधलेला. वजन शाळेच्या दप्तराइतकेही नाही. अवघड होते ते अंतर. दारूकोठाराच्या तोंडापासून तोफेपर्यंत उघड्या डेकवरून जायचे, एका वेळी एकच थैली न्यायची, ती दिली की रिकामा डबा घेऊन परत फिरायचे. तोफेवरचा माणूस निदान तोफेच्या आड उभा असतो. दारू वाहणाऱ्याला आडोसा नसतो, आणि हातातल्या डब्यावर ठिणगी पडली तर वाचण्याची आशाही नसते.

'पहिला कृष्णवर्णीय मानकरी' कोण, असेही काही जणांनी विचारले आहे. विल्यम कार्नी या सैनिकाची कामगिरी जुलै १८६३ ची, म्हणजे ब्लेकच्या आधीची, पण त्याला पदक मिळाले १९०० साली. ब्लेकला ते युद्ध चालू असतानाच, एप्रिल १८६४ मध्ये मिळाले. तेव्हा प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न घालणार असाल तर 'कामगिरी' की 'पदकदान' हे लिहा, नाहीतर गुणांवरून भांडण ठरलेले.

प्रश्न : त्याच लढाईत जेम्स मिलर याला 'शिसे टाकण्याबद्दल' पदक मिळाले असे वाचले. आम्ही मुठेत रोज नावा वल्हवतो. पाण्याची खोली मोजणे हे पराक्रमाचे काम कसे? (बोट क्लबचा विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : मुठेत नाव रुतली तर उतरून ढकलता येते. 'मार्बलहेड' १५८ फूट लांबीची होती आणि तिला तरंगायला सुमारे १० फूट पाणी लागे. स्टोनोला भरती-ओहोटी आहे आणि पात्रात वाळूचे बांध आहेत. माऱ्यात सापडलेली बोट वाळूवर चढली असती तर पुढची भरती येईपर्यंत शत्रूने तिला सावकाश फोडली असती.

हाताने टाकायचा शिशाचा गोळा ७ ते १४ पौंडांचा, म्हणजे ३ ते ६ किलोंचा असतो. दोरी २० ते २५ वाव. वाव म्हणजे ६ फूट, आपल्या कोकणातले मच्छीमारही याच मापाने बोलतात. दोरीवर खुणा असतात : २ वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ वर तीन, ५ वर पांढरे कापड, ७ वर तांबडे, १० वर भोक पाडलेले चामडे. कापडांचा पोत मुद्दाम वेगवेगळा घेतात, म्हणजे अंधारातही ते हाताला कळते. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो. त्यात चरबी भरली की तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येतो.

माणूस जहाजाच्या कडेबाहेर, कमरेशी पट्टा अडकवून, पाण्यावर झुकून उभा राहतो. झोका देऊन गोळा पुढे फेकायचा. जहाज पुढे सरकत गोळ्याच्या वर आले आणि दोरी उभी झाली की त्या क्षणी खूण वाचून ओरडून सांगायची. फेक आखूड पडली तर दोरी तिरकी राहते, खोली खरी असते त्याहून जास्त वाचली जाते, आणि कप्तान निर्धास्तपणे वाळूवर चढतो. दोरी कोरडी असताना खुणा बांधल्या तर भिजल्यावर ती आखडते आणि मापे चुकतात. म्हणून आधी दोरी भिजवून ताणतात, मग खुणा बांधतात. १० फूट पाणी लागणाऱ्या बोटीला जीवनमरणाची खूण २ वावांची, म्हणजे १२ फुटांची. मिलर तोफगोळ्यांच्या माऱ्यात, कडेबाहेर लटकून, सबंध लढाईभर हेच करत होता. दोन्ही हात दोरीत गुंतलेले असल्यामुळे त्याला वाकून आसरा घेणेही शक्य नव्हते.

प्रश्न : महाविद्यालयाच्या एकांकिकेत अमेरिकेतल्या मोबाइल उपसागराच्या लढाईतला (५ ऑगस्ट १८६४) एक प्रवेश आहे. रंगमंचावर आम्ही आठ जण. तोफ भरण्याची कृती खरी कशी दाखवायची? चित्रपटांत प्रत्येक वेळी वेगळेच दिसते. (नाट्यगट, कर्वेनगर)

उत्तर : उत्तरेचे ॲडमिरल फॅरागट यांच्या 'हार्टफोर्ड' जहाजावरच्या मुख्य तोफा डालग्रेन जातीच्या, ९ इंची. एका तोफेचे वजन सुमारे ९,००० पौंड (४,१०० किलो), गोळा सुमारे ३३ किलोंचा, पोकळ आणि आत दारू भरलेला. बाराला लागणारी दारू १० पौंड, म्हणजे साडेचार किलो. तोफेवर १६ माणसे आणि शिवाय दारू आणणारा एक. तुम्ही आठच आहात, तेव्हा अर्धी तोफ दाखवा : तोंडाकडची माणसे आणि मागे तोफप्रमुख. दोर ओढणारे पडद्याआड राहू द्या, त्यांचा फक्त आवाज येऊ दे.

बार उडाला की तोफ धक्क्याने मागे येते आणि जाड दोराला अडकून थांबते. मागे आली म्हणूनच तोंडातून भरता येते. पहिले काम मागच्या टोकाच्या छिद्राचे, तोफेच्या 'काना'चे. चामड्याची टोपी घातलेला अंगठा एकाने त्यावर घट्ट दाबून ठेवायचा. इथे चूक झाली तर पुढचे सगळे व्यर्थ. अंगठा सैल राहिला तर नळीतून हवा खेळते, आत राहिलेली ठिणगी फुलते आणि नवी थैली ठासता ठासता पेटते. ठासणाऱ्याचे हात जातात, कधी प्राणही. कान बंद झाला की ओली पुसणी तळापर्यंत घालून, पीळ देऊन बाहेर काढायची. कापडाचा तुकडा आत अडकला असेल तर फिरकीच्या आकड्याने ओढायचा. थैली सुती नसून लोकरी असते, कारण सुती कापड धुमसत राहते आणि लोकर जळून विझते.

मग थैली आत सारायची आणि ठासणीने एकदाच, दमदार ठासायची. त्यावर गोळा. गोळ्याच्या मागे लाकडी तळवा बांधलेला असतो, तो गोळ्याला आत फिरू देत नाही, त्यामुळे फ्यूज (गोळा फोडणारी वात) तोफेच्या तोंडाकडेच राहते. गोळा आत जाण्याआधी फ्यूजवरचा शिशाचा पत्रा उपटायचा. घाईत हे राहून गेले तर गोळा शत्रूच्या डेकवर नुसता आदळतो, फुटत नाही. नाटकात हा बारकावा नक्की घ्या : पत्रा उपटणारा तो वर धरून तोफप्रमुखाला दाखवतो असे बसवलेत तर प्रेक्षकाला एका हालचालीत कळेल. गोळा थैलीला भिडेपर्यंत ठासायचा. मध्ये पोकळी राहिली तर बाराचा दाब भलत्याच जागी बसतो आणि तोफच फुटू शकते.

आता दोर ओढून तोफ बाहेर. कानातून तार घालून थैली टोचायची, वर ठिणगीची टोपी बसवायची, नेम धरायचा. तोफप्रमुख दोरी धरून मागे, तोफेच्या धक्क्याच्या टप्प्याबाहेर उभा राहतो आणि दोरी हिसडतो. चित्रपटात तो तोफेला खेटून उभा असतो. तसा उभा राहिला असता तर पहिल्याच बाराला चिरडला गेला असता. पुसणी आणि ठासणी चालवणाऱ्यांनीही नळीच्या समोर कधी उभे राहायचे नाही. तालमीत एका फैरीला साधारण मिनिटभर धरा. नाट्यगृहात खरी दारू किंवा फटाके वापरू नका, थैल्यांत लाकडाचा भुसा भरा.

प्रवेशाला जागा दोन मजल्यांची असेल तर खरे नाटक वर नसून खालच्या मजल्यावर आहे. 'हार्टफोर्ड'वर तोफा वरच्या डेकवर, आणि गोळे खालच्या डेकवरून कप्पी-दोराने वर चढवले जात. या दोराला सहा माणसे होती. त्यांच्यात एक लँड्समन जॉन लॉसन. शत्रूचा गोळा आत फुटला, सहाच्या सहा मेले किंवा जखमी झाले. लॉसनच्या पायाला जखम झाली आणि तो जहाजाच्या भिंतीवर आपटला. शुद्धीवर आल्यावर खाली डॉक्टरकडे जायला सांगितले तरी तो गेला नाही, दोराशी परत आला. दुसरा विल्सन ब्राउन. त्याच्या वर शिडीवर असलेला माणूस गोळ्याने ठार झाला आणि त्या धक्क्याने ब्राउन तळघरात कोसळून बेशुद्ध पडला. शुद्ध आली तसा तोही गोळे चढवण्याच्या जागी परतला. दोघेही कृष्णवर्णीय आणि दोघांनाही पदक. लाकडी जहाजात गोळ्याइतकीच माणसे कापतात ती उडणाऱ्या लाकडाच्या ढलप्यांनी. रंगमंचावर जखमा दाखवणार असाल तर हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : हे पदक नौदलाच्या अधिकाऱ्यांना देत नव्हते असे ऐकतो. सैन्यदलाची रीत पाहता हे उलटेच वाटते. (निवृत्त नौसैनिक, खडकी)

उत्तर : ऐकले ते खरे आहे. आयोवाचे सिनेटर जेम्स ग्राइम्स यांनी मांडलेल्या विधेयकावर लिंकन यांनी २१ डिसेंबर १८६१ रोजी सही केली. त्यात २०० पदकांची तरतूद होती आणि ती खलाशी, पेटी ऑफिसर (खलाशांतले छोटे हुद्देदार), लँड्समन व मरीन (नौदलाबरोबरचे सैनिक) यांच्यासाठी. अधिकाऱ्यांना बढती होती, काँग्रेसचा (अमेरिकन संसदेचा) आभाराचा ठराव होता, वर्तमानपत्रात नाव होते. खालच्याला यातले काहीच नव्हते, म्हणून पदक. भूदलाचे पदक जुलै १८६२ मध्ये आले, ते मार्च १८६३ मध्ये अधिकाऱ्यांनाही खुले झाले. नौदलाच्या अधिकाऱ्यांना थेट ३ मार्च १९१५ पर्यंत थांबावे लागले. आपल्याकडची गोष्ट शेजारी ठेवून पाहा : व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ पासून सर्व हुद्द्यांना खुला, पण हिंदी सैनिकाला तो १९११ पर्यंत बंद. कोणते पदक कोणासाठी नाही हे पाहिले की ते देणाऱ्याच्या डोक्यात काय होते ते लवकर कळते.

या नियमाची कसोटी लागली लेफ्टनंट विल्यम कुशिंग यांच्या बाबतीत. २७ ऑक्टोबर १८६४ च्या रात्री, वय २१, त्यांनी प्लिमथ गावाजवळ रोअनोक नदीत वाफेच्या छोट्या नावेतून जाऊन 'अल्बेमार्ल' हे दक्षिणेचे चिलखती जहाज बुडवले. शस्त्र म्हणजे लांब वाशाच्या टोकाला अडकवलेला सुरुंग. कृती अशी : वासा खाली सोडून जहाजाच्या पोटाखाली न्यायचा, एक दोरी ओढून सुरुंग वाशापासून सोडवायचा, आतल्या हवेमुळे तो वर तरंगून बुडाला टेकला की दुसरी दोरी ओढायची, म्हणजे आतली लोखंडी गोळी ठिणगीच्या टोपीवर पडते. पहिली दोरी लवकर ओढली तर सुरुंग भलतीकडेच वर येतो, दुसरी लवकर ओढली तर आपल्याच नावेपाशी फुटतो. आणि हे सगळे बंदुकांच्या माऱ्याखाली करायचे. त्यातही जहाजाभोवती ओंडक्यांचे कुंपण होते. कुशिंगने नाव वळवून लांब नेली आणि पूर्ण वेगाने काटकोनात आणली. बरेच दिवस पाण्यात राहून शेवाळलेल्या ओंडक्यांवरून ती घसरत आत गेली. स्फोटात नावही गेली. कुशिंग आणि एक खलाशी निसटले, दोघे बुडाले, बाकीचे पकडले गेले. नावेतल्या खलाशांना मेडल ऑफ ऑनर मिळाले, कुशिंगना काँग्रेसचे आभार आणि बढती.

प्रश्न : जुन्या बाजारात एक पदक मिळाले. पाच टोकांचा तारा, वर गरुड, फीत अमेरिकन झेंड्यासारखी. विकणारा म्हणतो यादवी युद्धातल्या खलाशाचे मेडल ऑफ ऑनर. घासून चकचकीत करावे का? (संग्राहक, रास्ता पेठ)

उत्तर : आधी घासणे थांबवा, मग वाचा. गरुड आहे म्हणजे ते नौदलाचे नव्हेच. नौदलाच्या पदकाचा तारा नांगराला टांगलेला असतो आणि नांगराला दोर गुंडाळलेला असतो. गरुड आणि खाली आडव्या-तिडव्या तोफा हे भूदलाचे चिन्ह. पण भूदलाचेही निघण्याची आशा फार धरू नका. १८६६ साली उत्तरेच्या माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही संघटना निघाली. तिचा सभासदाचा बिल्ला दिसायला इतका सारखा होता, की त्या गोंधळामुळे भूदलाला १८९६ साली आपल्या पदकाची फीत बदलावी लागली. ताऱ्याच्या मध्यभागी पाहा. सैनिक आणि खलाशी हात मिळवत असतील तर तो बिल्ला. पदकाच्या मध्यभागी शिरस्त्राण घातलेली रोमन देवी मिनर्व्हा ढाल पुढे करून कलहाच्या आकृतीला मागे रेटते आहे, कलहाच्या हातात साप आहेत, आणि भोवती ३४ तारे. तारे भिंग घेऊन मोजा.

मूळ नौदल पदक फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेले. नमुना तिथल्याच विल्यम विल्सन अँड सन्स यांचा. पहिली १७५ पदके प्रत्येकी १ डॉलर ८५ सेंटला पडली. धातू तांबे, वर ब्राँझचा थर, त्यामुळे झिजलेल्या कडांना लालसर झाक दिसते. तारा उलटा, एक टोक खाली. फितीचा वरचा भाग निळा आणि त्याखाली तांबडे-पांढरे मिळून १३ उभे पट्टे. मागच्या बाजूला मानकऱ्याचे नाव कोरलेले असते. नकलेत अक्षरे कोरलेली नसून साच्यातून उठलेली दिसतात, ताऱ्याच्या कडेला ओतकामाची रेघ राहते आणि मिनर्व्हाचा चेहरा बोथट असतो. क्रुसाच्या आकाराचे मेडल ऑफ ऑनर कोणी दाखवले तर ते १९१९ नंतरचे.

चिंच, पितांबरी, लिंबू-मीठ यांतले काहीही लावू नका. चकाकी येते ती वरचा थर आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा खाऊन. बिल्ला असला तरी त्याची जी काही किंमत आहे ती त्या काळवंडलेल्या थरात आहे. कोरडा मऊ ब्रश पुरे. रेशमी फीत धुवायची नाही. प्लास्टिकच्या पाकिटाऐवजी आम्लरहित कागदात ठेवा आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. खरे पदक निघालेच तर ते विकायची घाई करू नका, अमेरिकेत मेडल ऑफ ऑनरची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय, की अमेरिकेतल्या या युद्धाने मुंबईला कापसाचे सोने झाले. या पदकवाल्या खलाशांचा त्याच्याशी काही संबंध? (कापड व्यापारी, लक्ष्मी रोड)

उत्तर : सरळ संबंध आहे. दक्षिणेचा सुमारे ३,५०० मैलांचा किनारा अडवून ठेवणे हेच उत्तरेच्या नौदलाचे मुख्य काम होते. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस त्याच किनाऱ्यावरून जाई. तो अडला तशी मुंबईच्या कापसाची किंमत वर गेली, कंपन्या निघाल्या, शेअर उडाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ चे. ससून घराण्याच्या व्यापारात कापूसही होता.

युद्ध आपल्या किनाऱ्यालाही येऊन गेले. दक्षिणेचे 'अलाबामा' हे लुटारू जहाज डिसेंबर १८६३ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत अमेरिकन व्यापारी जहाजे जाळत होते. १४ जानेवारी १८६४ रोजी मलबारजवळ त्याने 'एमा जेन' पकडून पेटवले आणि तिचे खलाशी केरळातल्या अंजेंगोला उतरवले. त्याच वर्षी १९ जूनला फ्रान्समधल्या शेरबूरसमोर उत्तरेच्या 'किअरसार्ज'ने 'अलाबामा' बुडवले. 'अलाबामा'चा एक गोळा 'किअरसार्ज'च्या मागच्या खांबात, सुकाणूपाशी घुसला, पण फुटला नाही. फुटला असता तर निकाल वेगळा लागला असता. 'अलाबामा'ची दारू आणि फ्यूज दीर्घ सफरीत दमट हवेने खराब झाले होते. उलट 'किअरसार्ज'ने आपल्या कुशींवर नांगराच्या साखळ्या उभ्या टांगून वरून फळ्या मारल्या होत्या. या लढाईची १७ पदके दिली गेली. त्यांतला एक मानकरी जोआकिम पीझ, तोफ भरणारा कृष्णवर्णीय खलाशी.

प्रश्न : शालेय प्रकल्पासाठी 'जॉन विल्यम्स' या मानकऱ्याची माहिती जमवतोय. प्रत्येक ठिकाणी जहाज वेगळे सांगतात. (पालक, बिबवेवाडी)

उत्तर : कारण माणसे वेगळी आहेत. या युद्धात पदक मिळालेले किमान तीन जॉन विल्यम्स नौदलात आहेत : 'पॉनी', 'मोहिकन' आणि 'कमोडोर पेरी' या जहाजांवरचे. नावावरून शोधू नका. जहाज आणि लढाईची तारीख आधी ठरवा, मग त्या जहाजाच्या हजेरीपटावर नाव पाहा. त्यात दर्जा आणि जन्मस्थान मिळते, उंची आणि वर्णही नोंदवलेला असतो. परदेशी खलाशी पुष्कळ होते, त्यामुळे उच्चाराप्रमाणे लिहिलेली नावे आणि खोटी नावे दोन्ही सापडतात.

मुलाला गोष्ट हवी असेल तर 'पॉनी'वाला घ्या. जून १८६१ च्या अखेरीस व्हर्जिनियातल्या मथायस पॉइंटवरून नावा मागे हटत होत्या. विल्यम्सने आपल्या माणसांना सांगितले, की एकालाही मागे टाकण्याआधी प्रत्येकाने आपल्या बाकावर मरायचे. मांडीत गोळी लागूनही त्याने नाव सोडली नाही, आणि झेंड्याची काठी तुटली तेव्हा उरलेला तुकडा झेंड्यासकट हातात धरून ठेवला.

थोडक्यात उत्तरे

पदकाबरोबर पैसे मिळत का? (नाना पेठ) मे १८६४ च्या कायद्याने लढाईत चमकलेल्या खलाशाला अ‍ॅक्टिंग मास्टर्स मेट या वरच्या हुद्द्यावर बढती देता येई, आणि त्याबरोबर १०० डॉलर व पदक. लँड्समनच्या हिशेबाने हा आठ महिन्यांहून जास्त पगार. १९१६ पासून वयाची ६५ वर्षे झालेल्या पात्र मानकऱ्यांना महिना १० डॉलर मिळू लागले.

एकूण किती? (सहकारनगर) या युद्धाची दीड हजारांहून जास्त. त्यांत नौदलाची ३०७, मरीनची १७.

दोनदा कोणाला? (पाषाण) जॉन कूपर याला एकदा मोबाइल उपसागरात 'ब्रुकलिन'वरच्या कामगिरीबद्दल, आणि २६ एप्रिल १८६५ रोजी मोबाइल शहरातल्या आगीत, गोळे फुटत असताना, जखमी माणसाला पाठीवर घेऊन बाहेर काढल्याबद्दल. पॅट्रिक मलेन यालाही दोनदा, आणि त्याचेही दुसरे पदक लढाईबद्दल नव्हे, बुडणाऱ्या अधिकाऱ्याला वाचवल्याबद्दल.

दक्षिणेकडे असे पदक होते का? (पिंपरी) ऑक्टोबर १८६२ मध्ये कायदा झाला, पण पदके घडलीच नाहीत. त्यांच्याऐवजी शूरांच्या नावांची यादी वाचून दाखवण्याची पद्धत त्यांनी ठेवली.